बोलणाऱ्यालाही दंड

रायगड-रत्नागिरीकडे एखादं घर वाळीत पडतं, तेव्हा त्या घरावर कोणी चाल करून जात नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, ती या एका अंगणात उतरत नाही. दुकानदार सामान द्यायला टाळाटाळ करतो. घरात मयत झालं तर खांद्याला माणसं मिळत नाहीत. मुलीचं लग्न ठरलं तर मांडवात गाव येत नाही. गावकीने कोणाला हातही लावलेला नसतो, त्यामुळे पोलिसांत जाऊन काय सांगायचं हाच प्रश्न पडतो. ‘लोक बोलत नाहीत’ ही काय तक्रार झाली?

या सगळ्या शिक्षांमध्ये एक नियम असा असतो की त्याच्याशिवाय बाकीच्या आठवडाभरही टिकणार नाहीत. वाळीत टाकलेल्या घराशी जो बोलेल, त्यालाही दंड. कधी पैशाचा, कधी त्यालाही वाळीत टाकण्याचा.

गटाच्या दबावाबद्दल आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर एक बहुमत आणतो: शंभर माणसं एका मताची, एकटा वेगळ्या मताचा आणि शंभरांचा राग एकट्यावर. प्रत्यक्षात ते शंभर एका मताचे असतीलच असं नाही. त्यांतल्या वीस जणांना वाळीत टाकणं मान्य असेल. चाळिसांना त्या भांडणाशी काही देणंघेणं नसेल. उरलेल्या चाळिसांना मनातून वाईट वाटत असेल. पण बोलणाऱ्यालाही दंड आहे म्हटल्यावर शंभरही जणांचं वागणं सारखंच दिसतं आणि दिसतं तेच खरं धरलं जातं. ज्यांना वाईट वाटतं, त्यांतल्या प्रत्येकाला आपण एकटेच असे आहोत असं वाटत राहतं. बहिष्कार चालवायला द्वेष लागतोच असं नाही. प्रत्येकाला शेजाऱ्याची भीती असली की पुरतं.

आणि एवढ्यावर थांबत असतं तरी बरं. सहा महिने शेजाऱ्याशी न बोललेल्या माणसाला स्वतःशी काहीतरी हिशेब लावावाच लागतो. मी घाबरलो म्हणून बोललो नाही, हे रोज उठून मान्य करणं जड जातं. त्यापेक्षा ‘त्यांचंही चुकलंच होतं’ हे सोपं. पहिल्या महिन्यात जो खाली मान घालून त्या घरावरून जात होता, तोच वर्षभराने पाहुण्यांना त्या घराचे दोष सांगतो. आधी वागणं बदलतं, मग त्या वागण्याला शोभेल असं मत तयार होतं. माणसं आधी पटवून घेतात आणि मग वागतात, असं समजून केलेलं प्रबोधन म्हणूनच अनेकदा वाया जातं.

हे सगळं अडाणी खेड्यापाड्यांतलं, असं म्हणायची आपल्याला फार घाई असते. त्यासाठी पुण्यातली एक गोष्ट पुन्हा नीट पाहावी. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली चाळीसेक प्रतिष्ठित मंडळी जमली. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी चहा प्यायले, कोणी भिडेखातर कप नुसता ओठांना लावला. महादेव गोविंद रानडे त्यांत होते, बाळ गंगाधर टिळकही होते. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि परधर्मीयांच्या हातचं घेतलं म्हणून सनातन्यांनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेलं. चौकशी बसली, ग्रामण्य म्हणजे जातीचा बहिष्कार झाला, प्रायश्चित्ताची मागणी आली.

ग्रामण्यातही तोच नियम होता. ज्याच्यावर ग्रामण्य, त्याच्या पंक्तीला जो बसेल तो बाटला. त्याच्या घरी जो भिक्षुक श्राद्ध सांगायला जाईल त्यालाही बाकीची घरं बंद. म्हणजे शिक्षा चहा पिणाऱ्यापुरती राहत नव्हती. त्याच्या आईवडिलांचं श्राद्ध अडायचं, मुलाची मुंज अडायची, मुलीला स्थळ मिळेना व्हायचं. टिळकांनी शास्त्राच्याच आधाराने वाद घातला आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतलं असल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं. त्यांचे समर्थक संतापले, विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. रानड्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत जे लिहून ठेवलं आहे त्यावरून दिसतं की रानड्यांना स्वतःसाठी त्याची गरज वाटत नव्हती, बरोबरच्या मित्रांच्या घरची कोंडी त्यांना बघवली नाही. पुढच्याच वर्षी हा माणूस मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला. सरकार ज्याच्या निवाड्यावर विसंबणार होतं, त्याला एका चहासाठी जातीपुढे नमावं लागलं.

रानड्यांना भित्रं म्हणून मोकळं होण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मला ती आळशीपणाची वाटते. दबाव ज्याचा विचार वेगळा आहे त्याच्यावर थेट येतो, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तो त्याच्या बापावर येतो. 1849 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना घर सोडावं लागलं ते गोविंदरावांवर आलेल्या दबावामुळे. मुलाशी वाद घालण्याची कोणाला गरजच पडली नाही, बापाला धंद्याची आणि जातीची आठवण करून दिली की झालं. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं, त्याचा ताप मुरूड या त्यांच्या गावी राहिलेल्या आप्तांना अधिक झाला. ज्याला टोचायचं त्याला सुई दुसऱ्याच्याच हातून टोचली जाते आणि तो हात बहुधा घरच्यांचा असतो. ‘आमच्याकडे बघ आणि गप्प बस’ हे वाक्य मराठी घरांत जितक्या वेळा बोललं गेलं असेल तितके फतवे कुठल्याही धर्मपीठाने काढले नसतील.

पण कर्वे उभे राहिले आणि अनेक जण राहू शकले नाहीत, याचं कारण केवळ धैर्यात शोधू नये. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. तिथला पगार मुरूडची पंचायत बंद करू शकत नव्हती. ज्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली ते आगरकर त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांना त्रास झाला नाही असं नाही, फार झाला. पण चूल पेटण्यासाठी त्यांना जातीची परवानगी लागत नव्हती. जिथे रोजगार, पाणी, लग्न, मयत, कर्ज आणि देव या सगळ्यांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात असतात, तिथे वेगळं मत बाळगणं हा चैनीचा मामला होतो. कोकणातल्या वाडीत आजही ते जुडगं पुष्कळ अंशी शाबूत आहे आणि त्याची एक प्रत अनेकदा गावच्या मुंबईकरांच्या मंडळाकडे असते. परळ-लालबागच्या, आता विरार-बदलापूरच्या खोलीत राहणारे चाकरमानी गावच्या घरावरचा निर्णय घेण्यात सामील असतात. शहरात आलं की माणूस गटातून सुटतो, हा समज निदान कोकणापुरता तरी तपासून घ्यावा.

अमेरिकेत 1951 च्या सुमारास सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला, तो इथे उपयोगी आहे. कागदावर एक रेघ आणि शेजारी तीन रेघा. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी लांब आहे एवढंच सांगायचं. उत्तर लहान मूलही देईल असं. पण खोलीतली बाकीची माणसं अॅशने आधीच शिकवून ठेवलेली असायची आणि ती ठरलेल्या वेळी एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायची. एकट्या खऱ्या सहभागी माणसाने अशा वेळी सरासरी तीनांत एकदा चुकीचं उत्तर दिलं आणि जवळजवळ तीन चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी गटाबरोबर वाहवली. प्रयोगाचा हा भाग सगळे सांगतात. त्याच मालिकेतल्या दोन गोष्टी कमी सांगितल्या जातात. खोलीतल्या एकानेही वेगळं उत्तर दिलं तर दबाव झपाट्याने उतरत असे, मग त्या एकाचं उत्तर बरोबर असो वा नसो. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहून द्यायचं असेल तरी माणसं बऱ्याच अंशी खरं लिहीत असत.

यातली दुसरी गोष्ट आपल्या गावांतल्या बिनविरोध निवडणुकांपाशी आणून ठेवायला हवी. ग्रामपंचायत बिनविरोध झाली की गुलाल उधळला जातो, वर्तमानपत्रात ‘गावाने घालून दिला आदर्श’ असं छापून येतं, आमदार विकासनिधीची बक्षिसं जाहीर करतात. वाद टळला, खर्च वाचला, हे खरंच आहे. पण गुप्त मतदान ही ग्रामीण माणसाला मिळालेली कदाचित एकमेव जागा आहे, जिथे भावकी त्याच्या हाताकडे बघू शकत नाही. बिनविरोधच्या नावाखाली तीच जागा काढून घेतली जाते आणि देवळात चार मानकऱ्यांसमोर ‘कोणाची हरकत आहे का?’ असं विचारलं जातं. तिथे कोणाची हरकत असणार? जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या, कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. उमराण्यात बोली दोन कोटींवर गेली, देवळाच्या नावाने. आयोगाने पैशाला आक्षेप घेतला, ते योग्यच झालं. जिथे लिलाव होत नाही आणि नुसतं एकमत ‘घडवलं’ जातं, तिथेही मतदाराचं तेवढंच जातं. फक्त तिथे रक्कम कळत नाही.

याच्या नेमकं उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर महिलांचं मतदान घेता येतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली पसंत केली तर दुकान बंद. ग्रामसभेत हात वर करायला सांगितले असते तर किती हात वर आले असते? नवरा मागच्या रांगेत, दुकानदाराचा भाऊ पुढच्या. पडद्यामागे त्याच बायका आडवी बाटली करून गेल्या. बायांमध्ये हिंमत नव्हती आणि कोणी ती भरली, असं काही झालं नाही. मत आधीपासून होतं. ते पोचवायला बिनधोक रस्ता मिळाला.

गुप्त मतदानाने कल कळतो, पण रोजचं जगणं चिठ्ठीवर चालत नाही. बांगड्या फोडायच्या की नाही हे घरात मयत पडलेलं असताना ठरतं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने 4 मे 2022 रोजी ठराव केला, त्याचं मोल मला इथे दिसतं. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे दिवस होते. पती गेल्यावर स्त्रीचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा तो ठराव. पंधरवड्याच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठरावाने प्रथा मोडत नाही, असं शहरातल्या माझ्यासारख्या लोकांना पटकन वाटतं. पण ही प्रथा चालते कशी ते बघा. नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसलेल्या बाईच्या बांगड्या फोडायला कोणी पुरुष येत नाही. घरातल्या, भावकीतल्या बायका येतात, अनेकदा स्वतः त्यातून गेलेल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना ते नको असतं. पण ‘मी नाही करणार’ असं पहिल्यांदा म्हणणारी बाई मेलेल्याचा अपमान करणारी ठरते, म्हणून हात पुढे होतो. ठराव झाल्यावर तीच बाई ‘आपल्या गावात आता हे बंद झालंय’ असं म्हणू शकते. तिला स्वतःचं मत सांगावं लागत नाही, बंडखोर व्हावं लागत नाही, ती नुसती गावाबरोबर असते. जो दबाव काल हात पुढे करायला लावत होता त्याच्याच आधाराने आज हात मागे घेता येतो. माणसाला गटाविरुद्ध लढवण्यापेक्षा गटाचा ‘सगळे असंच करतात’ हा दाखला काढून घेणं कमी खर्चाचं असतं. 2018 च्या सुमारास कंजारभाट समाजातल्या काही तरुण-तरुणींनी कौमार्यचाचणीविरुद्ध व्हॉट्सअॅपवर गट केला, तेव्हा त्यांचीही पहिली कमाई हीच होती. त्यांना मार खावा लागला, पण एकटं कोणी राहिलं नाही.

मग गटाचा दबाव चांगल्या कामाला लावावा की, असं कोणी म्हणेल. लावतातच. हागणदारीमुक्तीच्या मोहिमांत भल्या पहाटे गुड मॉर्निंग पथकं निघायची. टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला रस्त्यात गाठून गुलाबाचं फूल द्यायचं, शिट्ट्या वाजवायच्या. राळेगणसिद्धीत दारुड्यांना देवळाजवळच्या खांबाला बांधून मारलं जायचं, हे स्वतः अण्णा हजाऱ्यांनी सांगितलेलं आहे. गावं बदलली, हे नाकारण्यात अर्थ नाही. संडास बांधायला जागा नसलेल्या बाईला शिट्टी वाजवून गाठणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे कळत नव्हतं, हेही नाकारू नये. उद्देश आपल्या आवडीचा असला की आपल्याला गावकी आठवत नाही, लोकसहभाग आठवतो.

गावकीच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. पाखाडी म्हणजे दगडी पायवाट दुरुस्त करायला, विहीर उपसायला, मयताला लाकडं जमवायला सरकार येत नाही, वाडी येते. वर्गणी न देणाऱ्याला काहीच बोलायचं नाही असं ठरवलं तर कोणीच देणार नाही. हे खरं आहे. माझी कसोटी त्यासाठी साधी आहे: ज्या गोष्टीत माणूस सामील झाला नाही, तेवढ्याच गोष्टीतलं त्याचं तुटावं. भंडाऱ्याची वर्गणी दिली नाही, तर भंडाऱ्यात पान वाढू नका. पण त्यापायी त्याच्या आईच्या तिरडीला हात लावायचा नाही, दुकानातून मीठ द्यायचं नाही, त्याच्याशी बोलणाऱ्याला दंड करायचा, हे आलं की तो वर्गणीचा प्रश्न उरलेला नसतो. हीच कसोटी शहरातल्या गृहनिर्माण सोसायटीलाही लावून पाहावी. तिथे देखभालखर्च सगळे भरतात, तरी स्वयंपाकघरात काय शिजतं यावरून घर विकायचं की नाही हे ठरतं, आणि वार्षिक सभेत त्यावर चकार शब्द निघत नाही.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. विधिमंडळाने तो 2016 मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै 2017 पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याआधी मुंबई प्रांताने 1949 मध्ये जातिबहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर घटनाबाह्य ठरवला. धर्मसंप्रदायाला आपलं अंतर्गत कामकाज चालवण्याचा हक्क आहे, असं बहुमताचं म्हणणं होतं. सरन्यायाधीश सिन्हा एकटे वेगळं मत नोंदवून राहिले. त्या निकालाचा फेरविचार 2023 मध्ये मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. म्हणजे गटाचा हक्क मोठा की गटातल्या एकाचा, हा प्रश्न न्यायालयातही अजून मिटलेला नाही. नवा कायदा येण्यामागे रायगडमधल्या तक्रारदारांची आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 2013 पासून जातपंचायतींविरुद्ध चालवलेल्या मोहिमेची मेहनत आहे.

कायदा हवाच. पण तो चालतो वाळीत पडलेल्याच्या तक्रारीवर आणि सगळ्यात कमी बळ त्याच्याच हातात असतं. तक्रार केली की गाव आणखी घट्ट होतं. साक्षीला कोण येणार? जे येऊ शकतील त्यांना बोलण्यावरून आधीच दंड बसलेला असतो. मग तडजोडीची बैठक होते, तक्रार मागे घेतली जाते आणि कागदोपत्री गावात शांतता नांदते. तक्रार मागे घेताना ‘गैरसमज दूर झाला’ असं लिहून दिलं जातं, यावरून कोणाचा गैरसमज दूर झाला ते समजून घ्यावं.

म्हणून पोलीस पाटलाने आणि तहसीलदाराने चौकशी वाळीत टाकलेल्या घरापासून सुरू न करता शेजारच्या घरापासून करावी, असं मला वाटतं. बोलला म्हणून ज्याला दंड झाला, तोही या कायद्याखाली पीडितच आहे आणि त्याची बाजू सांगायला सोपी आहे. मूळ भांडण जमिनीचं होतं की निवडणुकीचं, देवळाच्या हिशेबाचं की आंतरजातीय लग्नाचं, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याने फक्त ‘काय, बरं आहे ना?’ एवढं विचारलं होतं. गावकीच्या दृष्टीने मूळ घराला वाळीत टाकण्याची शंभर कारणं असतील, पण या माणसाकडून पैसे का घेतले याचं उत्तर गावकीतल्या कोणालाही पोलीस ठाण्यात नीट देता येत नाही. स्वस्त धान्य दुकानदार आणि नळपाणी योजनेवरचा माणूस या दोघांना तहसीलदाराने त्याच आठवड्यात लेखी ताकीद द्यावी. त्या कागदाचा उपयोग त्यांना धमकावण्यापेक्षा त्यांची सुटका करायला अधिक होईल. गावकीने विचारलं तर ‘मी काय करू, वरून कागद आलाय’ असं त्यांना सांगता येईल, आणि धान्य मोजून देता येईल.